पकड घेण्याआधी बोलायला शिकवणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

बदली होऊन तुम्ही पुण्याला निघालात, तेव्हा कंदी पेढे वाटून झाले, फोटो झाले आणि मुद्द्याचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून हे जाहीर पत्र. साताऱ्यात ज्यूदो शिकायला येणाऱ्या नव्या मुलींच्याही नजरेस पडलं तर बरंच.

आपला जिल्हा पैलवानांचा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं, ही गोष्ट ऐकतच इथली पोरं वाढतात. अशा ठिकाणी समोरच्याला ‘आज नको’ म्हणणं म्हणजे माघार, असंच डोक्यात बसलेलं. तुम्ही मात्र हसतहसत म्हणायचात, “आज निम्म्या जोरानं हं, खांदा धरलाय.” तेही कॉलरला हात घालायच्या आधी. एकदा झटापट सुरू झाली की कोण कुणाचं ऐकतंय!

सगळ्यात जास्त आभार त्या ‘न पडणाऱ्या’ दादांबद्दल. सेओइ-नागेचा, म्हणजे खांद्यावरून फेकायच्या डावाचा, सराव चालू असला की ते हात ताठ करून मागे रेलायचे. मी आत वळायला गेले की जागच्या जागी अडकायचे आणि घरी जाताना वाटायचं, आपल्याला हे जमणारच नाही. तुम्ही बाजूला घेऊन सांगितलंत, “कुठला डाव येणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे, म्हणून अडवता येतंय. त्यात त्यांचं कसब काही नाही.” मग स्वतः त्यांच्यासमोर उभ्या राहिलात. ते मागे रेलले, तसा तुम्ही आतून पाय घालून ओ-उची-गारी हा मागे पाडायचा डाव लावलात. दादा पाठीवर! जिकडे ते जोर लावत होते, तिकडेच गेले. “आता सेओइ करू देता का?” तुम्ही विचारलंत. त्यानंतर गडी नीट पडायला लागला.

टॅप केल्यावरही, म्हणजे ‘हरले, सोड’ अशी थाप मारल्यावरही, हात न सोडणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे तुम्ही हसला नाहीत. टॅप लवकर करायचा, मॅटवर नाही, तर समोरच्याच्या अंगावर करायचा, म्हणजे त्याला कळलं नाही ही सबब उरत नाही. वर तोंडानंही ओरडायचं. तरी सोडायला उशीर केला तर त्याच्याशी परत जोडी लावायची नाही आणि सरांच्या कानावर घालायचं. हे चहाडी करणं नव्हे, हे तुम्ही चारचौघांत बजावलंत. कोपर एकदा गेलं की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं होतं.

(खेळता खेळता प्रवचन देणाऱ्यांवरचा तुमचा उपाय, म्हणजे “हो हो” म्हणत पुढची पकड घेणं, मी आता ऑफिसातही वापरते.)

नव्या बॅचमध्ये एक दांडगा पोरगा आलाय. पडताना समोरच्याला घेऊनच पडतो, आणि सांगितलं की “चुकून झालं” म्हणतो. मी सांगून पाहिलंय, निम्मा सुधारलाय. उरलेला निम्मा तुमच्यासाठी ठेवलाय. दिवाळीला याल तेव्हा ज्यूदोगी, म्हणजे आपला ज्यूदोचा पोशाख, बरोबर आणा.

तुमची,
सहाच्या बॅचमधली बँकवाली