शाळेच्या सभागृहात गाणंही ऐकू यावं

मा. संपादक, स. न. वि. वि.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या शाळांत स्नेहसंमेलनांची धांदल असते. मुलं जीव ओतून समूहगीत बसवतात आणि सभागृहात त्याचे शब्दच कळत नाहीत. दोष मुलांचा नसतो, माइकवाल्याचाही क्वचितच. आपलं 'बहुउद्देशीय सभागृह' म्हणजे बहुधा गुळगुळीत फरशी, समोरासमोरच्या कोऱ्या भिंती, मोठाल्या काचा आणि वर पत्रा. एक शब्द विरायच्या आत दुसरा त्यावर चढतो. मग माइकचा आवाज वाढवतात आणि गोंगाटच वाढतो.

यावरचा उपाय शंभराहून अधिक वर्षं ठाऊक आहे. हार्वर्ड विद्यापीठातल्या अशाच एका व्याख्यानगृहाचं दुखणं १८९५ साली वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर सोपवलं गेलं. तिथे आवाज सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिन यांनी रात्री-रात्री जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि मोजलं. जागेचं घनफळ वाढलं की आवाज जास्त रेंगाळतो, तो शोषणारे पृष्ठभाग वाढले की लवकर विरतो. भाषणासाठी तो सेकंदभरात विरावा, गाण्याला मात्र थोडा अधिक वेळ हवा, नाहीतर सूर कोरडे पडतात. म्हणून भिंतींवर सरकते जाड पडदे लावावेत, सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे. भाषणाला ओढायचे, गाण्याला बाजूला सारायचे. रंगमंचासमोरच्या मागच्या भिंतीकडे आधी लक्ष द्यावं, कारण आवाज सर्वांत जास्त तिथूनच उलटतो.

आपलं गाणं बैठकीचं, हेही आराखडा काढणारे विसरतात. रंगमंच छातीइतका उंच असला की सतरंजीवर बसलेल्या मुलांना तबल्यावरचे हात दिसतच नाहीत, आणि ते हात पाहूनच तर एखाद्याला शिकावंसं वाटतं! पंखे घरघरणारे असतील तर तानपुरा त्यात बुडतो. वाद्यं जिन्याखालच्या ओलसर कोपऱ्यात नकोत. पावसाळी दमटपणात तबल्याची पुडी उतरते. त्यांना रंगमंचालगत कोरडी खोली हवी.

विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, १९५३ पासून इथे सवाई गंधर्व महोत्सव भरतो. अशा शहरात शाळेचा नकाशा मंजूर होताना संगीतशिक्षकाला कुणी विचारतही नाही, याचं फार वाईट वाटतं. संस्थाचालकांना आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाला विनंती आहे, की नकाशा कागदावर असतानाच त्यांना बोलवावं. ज्या शाळांची सभागृहं आधीच बांधून झाली आहेत, त्यांनी निदान मागच्या भिंतीचे पडदे येत्या स्नेहसंमेलनाआधी लावून घ्यावेत.

– एक निवृत्त संगीतशिक्षिका, सदाशिव पेठ, पुणे