खर्ड्यावर सह्या झाल्याशिवाय छिन्नी न उचलणाऱ्या पाथरवट काकांना

काका,
स. न. वि. वि.

लोहगावच्या बागेतली स्मृतिशिळा तुम्ही पुरी करून दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

शिळा फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांची. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानी सेबर विमानं हल्ला करत असताना त्यांनी आपल्या नॅट या छोट्या लढाऊ विमानातून उड्डाण केलं, दोन सेबरवर मारा केला आणि चौघांशी एकट्यानं झुंजत वीरमरण पत्करलं. हवाई दलाचं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं.

मजकूर एवढासा, पण खर्ड्यात तीन चुका होत्या. आडनाव 'सेखोन' लिहिलेलं, म्हणजे इंग्रजी स्पेलिंग वाचून केलेलं. हुद्दा फ्लाइट लेफ्टनंट, म्हणजे एक पायरी वरचा. आणि 'नभः स्पृशं दीप्तम्' या हवाई दलाच्या ब्रीदवाक्यात विसर्ग गळालेला, शेवटच्या म् चा पायही मोडलेला नाही. गीतेच्या 11 व्या अध्यायातले शब्द, पण घाईत कोण पाहतो? तुम्ही मूळ मापाचा कागद भिंतीवर लावून एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावलंत आणि दोघांच्या सह्या घेतल्यात. कागदावरची चूक खोडता येते. दगडातली काढायची तर अख्खा दर्शनी भाग अक्षरांच्या खोलीइतका घासून उतरवावा लागतो.

दगडाची निवडही तुमचीच. तकतकीत ग्रॅनाइटचा आग्रह मोडून तुम्ही आपला पुण्याचा काळा दगड घेतलात. त्यात पांढऱ्या खड्यांचे कप्पे असतात, तिथे अक्षराची कड फुटते. म्हणून हातोडीनं ठोकून, खणखणीत वाजणारी आणि कप्पे नसलेली शिळा शोधलीत. तीन फूट बाय दोन फूट, दोन इंच जाड, वजन 80 किलोच्या घरात. अक्षरं चार मिलिमीटर खोल, इंग्रजी व्ही सारख्या खाचेची. आत रंग भरला नाहीत हे फार बरं केलंत. रंग दोन उन्हाळ्यांत पोपडे धरतो, खाचेतली सावली मात्र टिकते.

बसवणीचं कुणाला दिसणार नाही. मागून एक इंच खोल भोकं, त्यात स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या. लोखंडी खुंटी गंजून फुगते आणि दगडच फोडते. भिंत आणि शिळेत अर्धा इंच पोकळी ठेवलीत, नाहीतर सिमेंटमधला क्षार पाण्याबरोबर पुढे येऊन लोणा चढला असता.

तुमची ताकीदही बागेच्या माळीदादांना कळवली आहे: साधं पाणी आणि काथ्याचा ब्रश, अ‍ॅसिड नाही. काळा दगड दिसला की लोक भक्तीनं तेल चोपडतात, त्यावर मग धूळ बसते, तेही अडवायचं. 14 डिसेंबरला फुलं शिळेवर न चिकटवता पायाशी ठेवायची. आणि पावसाळा संपला की म् च्या पायमोडीत शेवाळ धरलंय का, ते बोट फिरवून पाहायचं.

आपले,
शिळेचं काम पाहणारे रहिवासी
लोहगाव, पुणे