इंग्रजी निबंधाआधी परिच्छेद शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवी घेतलेल्या मुलांना चार ओळी इंग्रजी धड लिहिता येत नाहीत, अशी तक्रार नेहमी कानावर येते आणि त्यावर उपाय म्हणून व्याकरणाचे व संभाषणाचे वर्ग सुचवले जातात. पुण्यातील एका महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षे प्रथम वर्षाला अनिवार्य इंग्रजी शिकवले, आणि निवृत्तीनंतर नवी पेठेतील एका अभ्यासिकेत आठवड्यातून दोन संध्याकाळी मुलांचे लेखन तपासते. या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की मुलांचे घोडे व्याकरणापेक्षाही परिच्छेदापाशी अडते.

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा विद्यार्थी बारा वर्षे ही भाषा शिकून आलेला असतो. काळ, प्रयोग त्याला बऱ्यापैकी येतात, बारावीच्या पुस्तकात सारांशलेखन आणि माइंड मॅपिंगही असते. परंतु स्वतःच्या मनातला एक मुद्दा घेऊन तो आठ-दहा वाक्यांत क्रमाने मांडण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आलेली असते. निबंध म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडमधला मजकूर पाठ करून उतरवायचा, अशीच त्याची समजूत असते, आणि ती आपण शिक्षकांनीच करून दिलेली आहे.

गेल्या पावसाळ्यात बार्शीहून शिकायला आलेल्या एका मुलीने खानावळीवर इंग्रजीत नऊ वाक्यांचा परिच्छेद लिहून आणला. पहिल्या वाक्यात डब्याचे वाढलेले दर, दुसऱ्यात आईच्या हातच्या भाकरीची आठवण, तिसऱ्यात सकस आहाराचे महत्त्व, चौथ्यात पुन्हा दर आणि पाचव्यात रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते ही माहिती होती. पुढची दोन वाक्ये ‘मोरओव्हर’ने सुरू होत होती, पण आधीच्या वाक्यात भर पडेल असे त्यांत काहीच नव्हते. व्याकरणाच्या चुका मात्र सगळ्या मिळून तीन. मी तिला नऊ वाक्ये नऊ चिठ्ठ्यांवर लिहायला लावली, टेबलावर मांडली आणि विचारले, “यातलं तुला नेमकं काय सांगायचं आहे?” बराच वेळ ती चिठ्ठ्या इकडच्या तिकडे करत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, रविवारी रात्री आम्ही बिस्किटांवर काढतो, तेच सांगायचं होतं.” ते वाक्य तर नऊ चिठ्ठ्यांत नव्हतेच! आम्ही ते नव्याने लिहून सर्वांत वर ठेवले, त्याखाली खानावळ बंद असल्याची चिठ्ठी आली, पाच चिठ्ठ्या बाजूला गेल्या, आणि त्या रात्री बाहेर जेवायला किती पैसे पडतात व खोलीवर स्वयंपाकाला परवानगी का नाही, अशी दोन नवी वाक्ये तिने लिहिली. दोन्ही ‘मोरओव्हर’ गेले. एका जागी साधे ‘बट’ पुरले. तीन चुका तिच्या तिनेच दुरुस्त केल्या.

हे सारे बोलणे मराठीत झाले, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्द निघता कामा नये, असा आग्रह अनेक महाविद्यालयांत धरला जातो. त्यामुळे मूल काय सांगायचे हे न ठरवताच लिहू लागते, आणि मग ‘नाऊ अ डेज’, ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ अशा तयार तुकड्यांनी पान भरते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली याच शहरातून ‘निबंधमाला’ सुरू केली, ती जॉन्सन आणि मेकॉले यांच्या इंग्रजी निबंधांच्या वाचनावर पोसलेल्या लेखणीतून. इंग्रजीत वाचलेली मांडणी तेव्हा मराठीत आणता आली, तर मराठीत पक्का केलेला विचार आज इंग्रजीत मांडायला आपल्या मुलांना मज्जाव कशासाठी?

परिच्छेद जमला की निबंधाची वाट पुष्कळ सोपी होते. प्रत्येक परिच्छेदाचे केवळ पहिले वाक्य वाचत गेले तरी लेखकाचे म्हणणे ओळीने समजले पाहिजे, ही एक कसोटी मी मुलांना देते. निबंध या कसोटीला उतरला नाही तर परिच्छेदांचा क्रम बदलायचा, शब्द नंतर पाहायचे.

अडचण आहे ती तपासणीची. एका तुकडीत शंभराच्या वर मुले, चार दिवसांत गठ्ठा परत करायचा, अशा घाईत पाने पाहून गुण दिले जाताना मी पाहिले आहे. भरपूर लिहिणाऱ्याला जास्त आणि नीट लिहिणाऱ्याला कमी, असा अन्याय माझ्या डोळ्यांसमोर झाला आहे. शिवाय आता घरी लिहायला दिलेला निबंध मोबाइलवर दोन मिनिटांत तयार मिळतो, तेव्हा घरच्या लेखनावर गुण देण्याला अर्थच उरलेला नाही.

म्हणून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इंग्रजी अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे की प्रथम वर्षाच्या पहिल्या सत्रात दीर्घ निबंध ठेवूच नये. दर आठवड्याला एक तास, वर्गातच, हाताने एक परिच्छेद लिहून घ्यावा. शिक्षकाने पाळीपाळीने वीस वह्या पाहाव्यात आणि प्रत्येक चुकीवर लाल रेघ न मारता कोणते वाक्य जागेवर नाही एवढेच दाखवावे. मुलाने तो परिच्छेद पुन्हा लिहावा आणि अंतर्गत गुण त्या दुसऱ्या लेखनाला मिळावेत. अभ्यासिकेतल्या काही मुलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या लेखनाच्या वह्या माझ्याकडे आहेत. मंडळाला पाहायच्या असल्यास मुलांच्या संमतीने मी त्या घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
सदाशिव पेठ, पुणे ३०