रस्त्यात दिसलेले कासव घरी आणू नका

संपादक महोदय,

रस्त्यात सापडलेले कासव वर्षभर घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाचे कौतुक आपल्या अंकात छायाचित्रासह आले आहे. निळा प्लास्टिकचा टब, त्यात वीतभर पाणी आणि कासवाच्या तोंडाशी पोळीचा तुकडा. त्या कुटुंबाच्या मायेबद्दल शंका नाही. पण पावसाळा तोंडावर आहे आणि ते छायाचित्र पाहून आणखी काही जण कासव उचलून घरी आणतील, म्हणून हे पत्र.

छायाचित्रातले कासव फ्लॅपशेल, म्हणजे मऊ पाठीचे दिसते. पाठीवर खवल्यांऐवजी कातडे, नळीसारखे पुढे आलेले नाक, आणि मागचे पाय आत घेतले की त्यांवर मिटणाऱ्या पोटाकडच्या कातडी झडपा, या त्याच्या खुणा. तळी, विहिरी, कालवे, भातखाचरे इथे ते राहते. पाणी आटले की चिखलात गाडून घेते आणि पाऊस पडला की बाहेर निघते. जून-जुलैत रस्ता ओलांडणारे कासव वाट चुकलेले नसते. ते एका पाणवठ्याकडून दुसऱ्याकडे निघालेले असते. मादी असेल तर कधी अंड्यांसाठी जागा शोधत असते.

तेव्हा करायचे एवढेच: वाहने थांबवावीत, कासवाचे तोंड ज्या दिशेला असेल त्याच दिशेला रस्त्यापलीकडे ठेवावे आणि निघून जावे. आलेल्या बाजूला परत ठेवले तर ते पुन्हा रस्त्यावर येणार. उचलताना कवचाची मागची कड दोन्ही हातांनी धरावी, कारण या जातीची मान लांब असते आणि पुढून धरणाऱ्याच्या बोटाचा चावा बसतो. भीती वाटत असेल तर फावड्यावर घेऊन हलवावे. शेपटीला धरून मुळीच उचलू नये, मणक्याला इजा होते.

‘आमच्याकडे तर मजेत आहे, वर्ष झाले’ हे वाक्य पशुवैद्यकाला नेहमी ऐकावे लागते. कासवाच्या शरीराचा कारभार इतका संथ असतो की ते कित्येक आठवडे उपाशी राहूनही जिवंत दिसते आणि आजारही तितक्याच संथपणे वाढतो. पोळी, भात, ब्रेड यांत त्याला लागणारे कॅल्शियम जवळजवळ नसते. तळ्यात ते मासे, बेडूक, गोगलगायी हाडाकवचासकट खाते. शिवाय ते कॅल्शियम अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व हवे, त्यासाठी थेट ऊन हवे. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन चालत नाही, कारण त्यातले कामाचे अतिनील किरण काच अडवते. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. कडक पाठीच्या कासवाचे कवच दाबले जाऊ लागले की घरच्यांना निदान शंका येते. फ्लॅपशेलची पाठ मुळात कातडी, तिथे हे कळायला फार उशीर होतो.

टबचा गुळगुळीत तळ हे दुसरे दुखणे. या कासवाला वाळूत किंवा गाळात स्वतःला पुरून घ्यायचे असते. ते दिवसभर प्लास्टिक खरवडत राहते, पोटाचे कातडे सोलते आणि विष्ठेने घाण झालेल्या पाण्यातून जखमांत जंतू शिरतात. पोहताना एका बाजूला कलणे, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास ही न्यूमोनियाची लक्षणे असू शकतात. सुजून मिटलेले डोळे बहुधा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे. त्याला ‘झोपलंय’ म्हणतात.

पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असलेल्या स्टार कासवाची गत आणखी वाईट. ते कोरड्या गवताळ, काटेरी रानातले, पोहता न येणारे. कासव म्हणजे पाणी असे समजून त्याला टबात सोडतात आणि ते बुडून मरते.

माणसांनाही जपायला हवे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतूनही जुलाब-ताप आणणारे साल्मोनेलाचे जंतू पडत असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५पासून ४ इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. कासवाचा टब स्वयंपाकघराच्या मोरीत धुणे म्हणूनच धोक्याचे, विशेषतः घरात पाच वर्षांखालचे मूल असेल तर.

फ्लॅपशेल आणि स्टार कासव दोन्ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. ती बाळगल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. असा प्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. बातमीत याची एक ओळही नव्हती. (वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणणाऱ्यांनी फ्लॅपशेलची नखे मोजावीत: पायाला तीन, एकूण बारा. आणि लक्ष्मीसाठीच कासव हवे असेल, तर देवळातले दगडी कासव चारा मागत नाही.)

ज्यांच्या घरी असे कासव आधीच आहे, त्यांनी घाबरून रात्री पुलावरून नदीत टाकू नये. आजारी कासव तिथे जगत नाही आणि त्याचा आजार इतरांना लागू शकतो. दुकानातून आणलेले, कानामागे लाल पट्टा असलेले अमेरिकी स्लायडर कासव तर कोणत्याच तळ्यात सोडू नये. ते इथल्या कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि कासव नेमके कुठे, कोणत्या महिन्यात सापडले ते सांगावे.

माणसे येईपर्यंत फ्लॅपशेलला भांड्यात भरून रात्रभर उघडे ठेवलेले नळाचे पाणी द्यावे, मान वर केली की नाक बाहेर येईल इतकेच खोल. तळाला धुतलेली बारीक वाळू आणि अर्ध्या टबावर सावली. स्टार कासवाला कोरडे खोके आणि पिण्यापुरते पाणी उथळ ताटलीत. गाडीखाली येऊन कवच तडकले असेल तर हळद, एम-सील, फेव्हिक्विक काहीही लावू नये. कवच हे जिवंत हाड आहे, त्याला वेदना होतात. जखमेवर ओलसर स्वच्छ फडके, भोके पाडलेले खोके, पाणी-अन्न काही नाही, आणि माश्या बसू न देता त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे. गळ अडकला असेल तर ओढू नये, दोरा हातभर ठेवून कापावा.

– एक पशुवैद्यक वाचक, सातारा