बोगोटाला रविवार पडू द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत दक्षिण अमेरिकेच्या टूरवर लेख होता, त्यात कोलंबियाची राजधानी बोगोटा, तिच्या वाट्याला फक्त दोन ओळी. म्हणे विमान बदलायचं शहर, एक रात्र झोपा आणि पुढे निघा. राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि माझी नणंद, गेल्या वर्षी तिथे पाच दिवस होतो. मी तर म्हणेन दिवस कमी ठेवा पण त्यात रविवार पडेल असंच बुकिंग करा.

रविवारी सकाळी ७ ते दुपारी २ तिथले मोठमोठे रस्ते गाड्यांना बंद असतात. सिक्लोविया म्हणतात त्याला, १९७४ पासून चालू आहे. आणि एखाद-दुसरा रस्ता नाही हो, १२० किलोमीटरच्या वर, म्हणजे चर्चगेटहून विरारला जाऊन परत या! बऱ्याच ठिकाणी दुभाजकाच्या एका बाजूला गाड्या चालू आणि दुसऱ्या बाजूला सायकली, स्केट्स, बाबागाड्या, कुत्री, आजीआजोबा, सगळं एकत्र. चौकात गणवेशातली पोरं हातात पाटी घेऊन उभी, पाटी फिरवली की सगळे निमूट थांबतात, कोणी मधूनच घुसत नाही. कडेला पंक्चरवाला. आणि एक बाई प्लास्टिकच्या ग्लासात कैरीच्या लांब फोडी मीठ-लिंबू लावून विकत होती. नणंदेने तोंडात टाकली आणि म्हणाली, वहिनी, अगं ही तर शाळेबाहेरची! तिने तीन ग्लास संपवले, दुसरं काही खायला तयारच होईना.

भाड्याची सायकल पण घेतली तिने, पण दुसऱ्या चौकातच धाप लागली. शहर २६४० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, त्यामुळे पहिले दोन दिवस जिना चढतानासुद्धा थांबावं लागतं. विषुववृत्ताजवळ म्हणून मी बॅगेत सुती कपडे भरले आणि तिथे बारा महिने थंडी, आमच्या खोलीत तर पंखाच नव्हता. वर दुपारी पाऊस. त्यावर उपाय म्हणजे गरम चॉकलेट, त्यात ते चक्क चीजचे तुकडे टाकतात, ते वितळलं की चमच्याने काढून खायचं. ह्यांना आवडलं, मला नाही.

सुवर्ण संग्रहालय पण रविवारी फुकट असतं, सोमवारी बंद. आपल्या रिझर्व्ह बँकेसारखी त्यांची जी बँक आहे तिचंच आहे ते. तिथला मुइस्का लोकांचा, म्हणजे तिथल्या जुन्या मूळ रहिवाशांचा, सोन्याचा तराफा बघायला एवढी गर्दी, मला वाटलं केवढा मोठा असेल, जवळ गेले तर जेमतेम वीतभर! पण त्यावर मधोमध राजा, भोवती बारकी बारकी माणसं, आणि सगळं तारेसारखं नाजूक. एल डोराडोची, म्हणजे सोन्याने मढलेल्या राजाची, दंतकथा ती हीच म्हणे, विमानतळाला पण तेच नाव.

चोरांबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते. तिथे एक म्हण आहे, पपई देऊ नका, म्हणजे चोराला आयती संधी देऊ नका. फोन हातात धरून रस्त्यात उभं राहिलात की दिलीच पपई. लोकलच्या दारात फोन कसा धरायचा हे ज्याला कळतं त्याला वेगळं शिकवायला नको.

आपल्याकडेही २०२२ मध्ये पोलिसांनी मरिन ड्राइव्ह वगैरे रस्त्यांवर संडे स्ट्रीट, म्हणजे रविवारी सकाळी गाड्यांना रस्ता बंद, सुरू केलं होतं, नात तिथे स्केटिंग करायची, त्याची फार आठवण आली. बोगोटात ते ५० वर्षं टिकलंय.

आता तक्रार. तुमच्या लेखात यलो फीव्हरच्या लसीचा उल्लेखच नाही, आणि आमच्या टूरवाल्यानेही सांगितलं नव्हतं. कोलंबियाहून भारतात परतताना लस घेतल्याचं ते पिवळं कार्ड लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि कार्ड लागू होतं लस घेतल्यापासून दहा दिवसांनी. आम्हाला हे कळलं तेव्हा निघायला बारा दिवस राहिले होते! नणंद ६१ ची, साठीपुढे ही लस डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते, त्यामुळे त्यात आणखी एक दिवस गेला, नुसती पळापळ. कृपया पुढच्या पुरवणीत हे ठळक छापा, आणि दहा दिवसांचं आधी.

आपली एक वाचक,
मुलुंड पूर्व, मुंबई