चिऊचा घास, फ्रान्समधला

संपादक साहेब, नमस्कार.

पुरवणीत चित्र म्हटलं की दरवेळी मोनालिसाच का छापता हो? झाँ-फ्रान्स्वा मिले (१८१४-१८७५) या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र लील शहरातल्या म्युझियममध्ये आहे, उंबऱ्यावर तीन पोरं ओळीत बसलीत, आई लाकडी चमच्याने भरवतेय, मागे बाप परसात राबतोय, शेजारी कोंबडी, आणि नावाचा अर्थ चक्क चोचीतला घास! मिलेला स्वतःची नऊ मुलं, म्हणजे घरी रोज हेच बघत असणार. आमच्या घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये नातू मोबाइलशिवाय वरणभात गिळत नाही, म्हणून मोबाइलवर हेच लावलं तर कोंबडीला 'काऊ' म्हणून आ वासला त्याने. स्क्रीनवर वरणाचा डाग अजून आहे.

– एक आजी, ठाणे पश्चिम