कुलाबा किल्ल्याला जाताना आधी तिथी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला ‘एका दिवसात अलिबाग’ हा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यासाठी त्यात भरपूर सूचना आहेत. टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, दोन मोठ्या तोफांपाशी फोटो काढा, सकाळी दहाला किनाऱ्यावर पोहोचा आणि किल्ल्यात ‘निवांत दोन तास’ घालवा. ‘चालतही जाता येते’ असं एक वाक्य आहे. कधी जाता येतं, ते लेखात कुठेच नाही. भरती आणि ओहोटी हे दोन शब्द मी पुन्हा पुन्हा शोधले.

गेल्या भाऊबीजेला माझी धाकटी बहीण पुण्याहून आली. बरोबर यजमान, दोन मुलं आणि सासूबाई. घरी येण्याआधी मुलांना किल्ला दाखवावा म्हणून मंडळी थेट किनाऱ्यावर गेली. तिच्याजवळ असाच एक छापील लेख होता. कोणत्या अंकातला, ते इथे लिहीत नाही. त्यातही सकाळची वेळ आणि दोन तास. साडेनऊला पाणी घोट्याएवढं होतं. घोडागाडीवाल्याने लवकर परत फिरा म्हणून सांगितलं होतं, पण लेखात दोन तास लिहिले होते, आणि छापलेल्यावर आपल्या माणसांचा विश्वास असतो. येताना चालत येऊ म्हणून गाडी परत पाठवली. गणपतीचं दर्शन झालं, तटावरून फेरी झाली, शेजारचा सर्जेकोट हा छोटा किल्लाही पाहून झाला.

अकरा वाजून गेल्यावर ते निघाले. निम्म्या वाटेत मेहुण्यांच्या कमरेला पाणी लागलं. धाकटा त्यांच्या खांद्यावर, थोरलीच्या छातीपर्यंत पाणी. सासूबाईंचा पाय कालवांच्या खडकावर कापला आणि त्यांना पुढे पाऊल टाकवेना. जवळच जाळं आवरत असलेल्या एका कोळीबांधवाने ओरडा ऐकून होडी वळवली, म्हणून ही पाचही माणसं माझ्या दारात उभी राहिली. औक्षण करताना बहिणीचे हात इतके थरथरत होते की ताट मलाच धरावं लागलं.

भाऊबीज म्हणजे द्वितीया. आमच्याकडे हा हिशेब शाळकरी पोरालाही येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. दोनाचे पाऊणपट दीड, म्हणजे दुपारी दीडला पूर्ण भरती. त्याआधी सहा-सव्वासहा तास पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी सव्वासात-साडेसात. साडेनऊला बहिणीला दिसलेलं घोट्याएवढं पाणी चढतं होतं. हे तिला कोणी सांगायचं? सूचना देण्याचं काम ज्याने अंगावर घेतलं, त्यानेच ना?

वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक मोजायचा. या हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी. पण कोणत्या दिवशी सकाळी जावं आणि कोणत्या दिवशी दुपारी, एवढं कळायला तिथी पुरते. पौर्णिमा-अमावास्येला भरदुपारी उधाण असतं, तेव्हा दहा-अकराला चालत जायचा विचारही नको. अष्टमीच्या सुमारास दुपारी बाराला ओहोटी येते खरी, पण तो भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. पाणी पुरतं हटत नाही. द्वादशी-त्रयोदशीची दुपार चांगली, तीन-चारच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं असतं. उतरत्या पाण्यामागून जावं आणि पाणी चढायला लागण्याच्या आत किनाऱ्याला लागावं. त्यासाठी पूर्ण ओहोटीच्या तासभर तरी आधी किनाऱ्यावरून निघायला हवं. घोडागाडीवाला परत फिरा म्हणाला की फिरावं. खडकांवर कालवं काढणाऱ्या बायका टोपल्या उचलून निघाल्या की आपणही निघावं, त्यांचा अंदाज चुकत नाही. पावसाळ्यात तर चालत जाऊच नये. आणि ‘बूट हातात घेऊन अनवाणी चालण्याची मजा लुटा’ हे कृपया पुन्हा छापू नका. मागे पट्टा असलेली चप्पल पायात हवीच. सासूबाईंच्या तळव्याला टाके पडले.

लेखकाने इतिहास नीट दिला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. १६८० मध्ये शिवाजी महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं, १७५९ मध्ये राघोजी आंग्र्यांनी सिद्धिविनायकाचं मंदिर बांधलं, १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तरी त्यांना किल्ला घेता आला नाही, सगळं आहे. शत्रूला सहज चालत येता येऊ नये म्हणूनच तर ही पाण्याने वेढलेली जागा निवडली. त्या पाण्यासाठी तीन रकान्यांत दोन ओळी मिळू नयेत?

आता पत्र लिहायला घेतलंच आहे, तर आणखी एक. तुमच्याच अंकात पूर्वी दुसऱ्या पानावर सूर्योदय-सूर्यास्ताच्या खाली भरती-ओहोटीच्या वेळा येत. माझे वडील सकाळच्या चहाबरोबर आधी त्या वाचत आणि मग पहिलं पान. अंकाचं रूप बदललं तेव्हा ती चौकट गेली. राशिभविष्य राहिलं, आता तर ते अर्धं पान खातं. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं नाही आणि ते छापलंही गेलं नाही. ज्या जिल्ह्यात मासेमारी, होड्या, मिठागरं, खाडीकाठची शेती सगळं पाण्याच्या वेळेवर चालतं, तिथल्या वर्तमानपत्राला चार आकड्यांची जागा नसावी, हे मला अजून पटलेलं नाही.

येत्या शनिवारी तृतीया आणि रविवारी संकष्टी आहे. दोन्ही दिवशी पूर्ण ओहोटी सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान होऊन जाते. दहाला येणाऱ्याला समोर वाट मोकळी दिसेल आणि तुमच्या लेखाप्रमाणे तो दोन तास थांबला, तर बाराला पाण्यात असेल. संकष्टीला किल्ल्यातल्या गणपतीला मुलाबाळांसह जाणारे पुष्कळ असतात. उद्या शुक्रवारच्या अंकात, आणि पुरवणीत न ढकलता पहिल्या पानावर, दुरुस्ती छापा. तिच्यात दोन्ही दिवसांच्या ओहोटीच्या नेमक्या वेळा द्या, आणि किती वाजेपर्यंत परत किनाऱ्यावर यायचं तेही स्पष्ट लिहा.

आपला,
एक वाचक, अलिबाग